घोरणाऱ्या पगचे श्वास मोजा

पग, बुलडॉग, शित्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं घोरणं गोड वाटतं, पण त्यामागे बऱ्याचदा अरुंद नाकपुड्या आणि तोंडात घशाजवळ लांबलेली मऊ टाळू असते. कुत्रा शांत झोपलेला असताना मिनिटभर छाती पाहा. वर-खाली मिळून एक श्वास. स्वप्नात पाय हलत असतील तर तेव्हा मोजू नका. आकडा वारंवार 30च्या वर जात असेल, कुत्रा धापा टाकत दचकून उठत असेल किंवा हनुवटी उंचावर टेकवून, बसूनच झोपत असेल, तर व्हिडिओ काढून पशुवैद्यांना दाखवा. दवाखान्यात हे दिसत नाही, म्हणून व्हिडिओ फार मोलाचा. वजन आटोक्यात ठेवाच. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), झोपायला गार जागा. हिरड्या निळसर दिसल्या तर रात्रीच दवाखाना गाठा.