पद सुरू होण्याआधीचं वाक्य

दर दोन-तीन महिन्यांनी एखादी मुलगी प्रयोगानंतर मेकअप रूमच्या दारात येऊन थांबते. "ताई, विशारद झालीय, एकांकिकाही केल्यात. गाणं आणि अभिनय दोन्ही करायचंय. काय करू?" तोवर टेम्पोत नेपथ्य चढत असतं, बसवाला हॉर्न मारत असतो, माझ्या केसांतल्या पिना निघत नसतात. मी काहीतरी गुळमुळीत बोलते आणि रात्रभर बसमध्ये स्वतःवर चिडते. खरं सांगायचं होतं ते इथे लिहिते.

ऑडिशन कशी द्यायची, फोटो कसे काढायचे, रोज रियाज करायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. शिकायच्या जागाही माहीत असतील: पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स. माझं मत विचाराल तर राज्य नाट्य स्पर्धेतली संगीत नाटकांची फेरी सोडू नका. तिथे पैसे नाहीत, प्रेक्षक कधी कधी चाळीसच, पण तालमी महिनोन् महिने होतात आणि ऑर्गन-तबल्याबरोबर उभं राहून गायला मिळतं. दोन दिवसांच्या 'गाता गाता अभिनय' छापाच्या कार्यशाळांतून प्रमाणपत्राशिवाय काही घरी आलेलं मी पाहिलेलं नाही.

आता मी कुठे आपटले ते.

संगीत सौभद्र नाटकात सुभद्रा मिळाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पदं, म्हणजे नाटकातली गाणी, तोंडपाठ, गळा तयार. गुरुजींनी प्रत्येक पद मांडी घालून, समोर तंबोरा ठेवून वर्षभर घोटून घेतलेलं. दिग्दर्शकांनी संवाद वेगळे बसवले. तालमीत पद आलं की ते हात वर करायचे, "हं, इथे पद, पुढे चला." म्हणजे संवाद एकाने शिकवले, गाणं दुसऱ्याने. संवादातून गाण्यात जायचं कसं, हे कुणीच शिकवलं नाही. ते कुणाचं काम आहे हेच ठरलेलं नव्हतं.

पहिल्या प्रयोगात काय झालं ते ऐका. संतापाचा, रडवेला प्रसंग. मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून आवाज फेकत होते. "अजून भारदस्त, अजून ठसका," असं दिग्दर्शक महिनाभर सांगत होते, म्हणून आवाज मुद्दाम खाली दाबून, छातीतून ढकलत होते. वाक्य संपलं. ऑर्गनवाल्या काकांनी सूर दिला. आणि माझ्याकडे श्वासच नव्हता. तो वर, खांद्यांत अडकलेला. गळा वाक्याच्या रागात आवळलेला. पहिला सा लागला तो केसभर उतरून. लोकांना कळलं नसेल. काकांना कळलं. त्यांनी डोळे उचलून पाहिलं आणि दुसऱ्या ओळीला सूर जरा मोठा धरला.

मग मी तेच केलं जे प्रत्येक घाबरलेली मुलगी करते. जोर लावला. जोर लावला की सूर चढतो, टाळी मिळते, वन्समोअर येतो. वन्समोअर आला की तेच पद थकलेल्या गळ्याने पुन्हा. दोन महिन्यांत बावीस प्रयोग झाले. दिवसा एका मालिकेचं शूटिंगही चालू होतं. बारा बारा तास सेटवर, त्यातले चार तास रडणं. तरी मला वाटायचं, गाणं तर रोज फक्त अर्धा तास होतंय, गळ्याला काय होणार?

हा हिशेबच चुकीचा होता, आणि या एका गोष्टीवर मी लांबण लावणार आहे. कंटाळा आला तरी वाचा. गळा गाण्याने कमी आणि बोलण्याने जास्त बिघडतो. बाईचे स्वरतंतू साध्या बोलण्यातही सेकंदाला सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडून किंवा दाबून बोललं की हे आपटणं जोराचं होतं. रोज तेच झालं तर दोन्ही तंतूंवर समोरासमोर सूज येते, मग ती घट्ट होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर दाखवलं तेव्हा मला ते तांदळाच्या दोन कण्यांसारखं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही गाता किती ते नंतर सांगा. दिवसभर बोलता कशा ते आधी सांगा."

गाठी म्हटल्यावर मी शस्त्रक्रियेच्या भीतीने तिथेच रडले. तुम्ही रडू नका. अशा बहुतेक गाठी लवकर लक्षात आल्या तर विश्रांती आणि व्हॉइस थेरपीने जातात. माझ्या गेल्या. पण दहा दिवस मी पाटीवर लिहून बोलत होते, आणि मालिकेत माझ्या पात्राला अचानक माहेरी पाठवलं गेलं. ते पात्र अजून परत आलेलं नाही.

कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, हेही तेव्हाच कळलं. दर दोन मिनिटांनी खाकरणं तर त्याहून वाईट. ज्येष्ठमध, कंकोळ, खडीसाखर विंगेत डब्या भरून असतात. खा, बरं वाटतं. पण गिळलेली गोष्ट स्वरतंतूंना शिवत नाही, ती अन्ननलिकेत जाते. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्यातून आणि वाफेतून. "अमुक गोळी ठेवली की आवाज सुटतो" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना नमस्कार करावा आणि पुढे जावं.

थेरपीच्या बाईंनी माझे संवाद रेकॉर्ड करून मलाच ऐकवले. गाते काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, आणि बोलते कुठे? तळघरात. माझा नैसर्गिक बोलण्याचा सूर त्याहून बराच वर होता. मग आम्ही जे केलं ते मी आज प्रत्येक नव्या मुलीला करायला लावते. तानपुरा लावायचा, पदाच्या पट्टीत. उभं राहायचं. पदाच्या आधीची फक्त दोन वाक्यं बोलायची, गायची नाहीत. तानपुऱ्यावर ती कुठे बसतात ते ऐकायचं. शेवटच्या वाक्याचा शेवटचा शब्द षड्जाच्या (सा) किंवा पंचमाच्या (प) आसपास आपसूक उतरला पाहिजे. त्या शब्दानंतर पोटातून एक श्वास, आणि पद. वाक्यातला राग डोळ्यांत राहू दे, हातात राहू दे, गळ्यातून तो श्वासाच्या आत निघून गेला पाहिजे. हे दिवसातून वीस वेळा. पूर्ण पद एकदाच.

जुन्या ऑर्गनवाल्यांना ही सांधेजोड ठाऊक असते. वाक्य संपायच्या आधीच ते अगदी हळू सूर धरतात, तुम्हाला बोलता बोलता आधार मिळतो. म्हणून सांगते, तालमीत चहा पहिल्यांदा ऑर्गनवाल्यांना न्या. तुमचा गुरू तंबोऱ्यापलीकडे तुम्हाला ऐकायला कधी आलाच नसेल, तर नाटकासाठी तरी तो अर्धाच गुरू आहे. आणि "नाट्यसंगीताने गळा बिघडतो" म्हणून मुलींना अडवणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे, की बिघडतो तो शिकवला न गेल्याने.

तालीम नऊवारीत करा, रंगीत तालमीपर्यंत थांबू नका. साडी नेसवणाऱ्या मावशी कमरेला गाठ आवळतात तेव्हा पोट आत ओढू नका. पोटभर श्वास घ्या, धरा, मग आवळू दे. मी वर्षभर दिसायला बारीक आणि श्वासाला कंगाल होते. कपड्याला अडकवायच्या छोट्या लेपल माइकचंही तसंच: ठुशीवर घासला की खर्र आवाज येतो, आणि साउंडवाल्याने तो संवादाला लावून ठेवला असेल तर पदाला फाटतो. त्याला आधी एक संवाद आणि एक तान, दोन्ही देऊन बघा.

पट्टीवरून भांडायची वेळ येईल, भांडा. नायिकेची जी पदं आपण पवित्र मानतो त्यातली कितीतरी एका पुरुषाच्या गळ्यासाठी बेतलेली आहेत. मानापमान नाटक 1911 चं, स्वयंवर 1916 चं. त्यांतल्या नायिका, भामिनी आणि रुक्मिणी, दोन्ही बालगंधर्वांनी केलेल्या. 1880 च्या शाकुंतलापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं संगीत रंगभूमीवरची नायिका म्हणजे बहुधा पुरुषच. हिराबाई बडोदेकर, 1933 च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकातल्या ज्योत्स्नाबाई भोळे, या बायका उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी आपापल्या गळ्याने गायलं, कुणाची नक्कल केली नाही. तेव्हा "आमच्याकडे हे पद याच पट्टीत होतं" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे अर्धा सूर खाली मागा. पहिल्या वाचनालाच मागा. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मागितलात तर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील.

पडद्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे माझं यश थोडक्यातच आहे.

1932 च्या 'अयोध्येचा राजा' चित्रपटात दुर्गाबाई खोट्यांनी अभिनयही केला आणि गायल्याही. शांता आपटे, शांता हुबळीकर यांची 'प्रभात' कंपनीच्या चित्रपटांतली गाणी लोक त्यांच्याच चेहऱ्यांसकट आठवतात. मग पार्श्वगायन रुजलं आणि गळा एकीचा, चेहरा दुसरीचा, अशी वाटणी झाली. आज तुम्ही दोन्ही घेऊन गेलात तर आनंदाने उड्या मारणारं तिथे कुणी नसतं. त्यांना ते दोन वेगळे खर्चाचे रकाने वाटतात. आशालता वाबगावकर 1964 च्या 'मत्स्यगंधा' नाटकात गायल्या, गाजल्या. हिंदी चित्रपटांत त्यांना आई म्हणून ओळखणाऱ्या कितीजणांना त्या गातात हे माहीत असेल?

माझंच सांगते. एका चित्रपटात माझं पात्र गाणारं होतं. स्क्रॅच, म्हणजे चित्रीकरणापुरता कच्चा ट्रॅक, मी गायले, "तुझ्याच आवाजात ठेवू" असं तोंडी ठरलं, चित्रीकरणही त्याच ट्रॅकवर झालं. गाणी बाहेर आली तेव्हा घरच्यांना कौतुकाने लावून दाखवली, आणि दुसरीच बाई गात होती. छान गायली होती, तेच जास्त लागलं. आई म्हणाली, "तुझा आवाज किती बदललाय गं." मी काही बोलले नाही.

म्हणून: स्क्रॅचचे पैसे वेगळे, आणि अंतिम आवाज कुणाचा हे कागदावर. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गायकाला गाण्याच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे, पण आवाज तुमचाच राहिला तर. मालिकेचे पैसे बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी येतात, तेवढं घरभाडं बाजूला हवं. नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रयोगाच्या दिवशी मिळते. प्रयोग रद्द झाला तर काय, हे दौऱ्याआधी विचारा. विचारलं म्हणून कुणी काढून टाकत नाही. मला एकदा टाकलं, पण ते नाटक पाच प्रयोगांत बंद पडलं.

लिपसिंक करताना मात्र खरंच गा, पूर्ण आवाजात नको, पण गा. नुसते ओठ हलवले तर मानेची शीर हलत नाही आणि क्लोजअपमध्ये ते दिसतं. रंगमंचावरचं मोठं तोंडही तिथे आवरा. पहिल्या दिवशी कॅमेरामन मला म्हणाला, "मॅडम, दाढा दिसतायत."

वाचून घाबरला असाल तर इतकं बघा: 2017 मध्ये आलेल्या संगीत देवबाभळीत दोनच बायका, दोघी रंगमंचावर प्रत्यक्ष गायच्या, आणि लोकांनी नाट्यगृहं भरली. गाणाऱ्या नटीला प्रेक्षक नाही असं सांगणाऱ्यांचं मी तेव्हापासून ऐकत नाही.

एक सवय मात्र आजच लावून घ्या. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, अगदी हळू, बाळ झोपलंय अशा आवाजात वरचा सा लावायचा. मोठ्याने तो सुजलेल्या गळ्यालाही लागतो, हळू लागत नाही. हवा फुसकन येते किंवा सूर उशिरा उमटतो. एक सकाळ नाही लागला तर त्या दिवशी फोनवर गप्पा बंद. सलग चार-पाच सकाळी नाही लागला, तर प्रयोग कुणाचाही असो, डॉक्टरकडे जायचं. परवा सांगलीच्या प्रयोगानंतर माझा दोन दिवस लागला नाही. निर्मात्यांचे तीन फोन आले, मी मेसेजवर उत्तरं दिली. आज सकाळी लागला, थोडा उशिरा.