वाइनच्या अ‍ॅपवर तारे नाही, माणसं शोधा

वाशीत किंवा घोडबंदर रोडवर दुकानातल्या रॅकसमोर उभं राहून विव्हिनो हे वाइनचं अ‍ॅप उघडायचं, लेबलचा फोटो काढायचा, की पाचपैकी किती तारे ते लगेच दिसतं. बहुतेक जण तिथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. मतं किती जणांची आहेत तेही बघा. दहा-बारा जणांच्या 4.2 पेक्षा हजारभर लोकांचे 3.8 मला जास्त भरवशाचे वाटतात. बाटलीवरचं साल आणि स्क्रीनवरचं साल जुळतंय ना, हेही पाहून घ्या. द्राक्षांचा हंगाम बदलला की चव बदलते.

खरा उपयोग पुढे आहे. तुम्हाला मनापासून आवडलेली एखादी वाइन शोधा, समजा नाशिकची शेनिन ब्लाँ, आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया निवांत वाचा. ‘पेरूचा वास, किंचित गोड, तळलेल्या कोळंबीबरोबर मस्त’ असं अगदी तुमच्या मनातलं लिहिणारं कुणी सापडलं, की त्यांना फॉलो करा. अशी चार-पाच माणसं मिळाली, की सरासरीचा आकडा बघावासाही वाटत नाही. स्वतःची नोंदही जरूर लिहा, दोन ओळी पुरे: कशाबरोबर प्यायलात आणि वाइन किती थंड होती.

बाटली दुकानात कशी ठेवली होती, हे मात्र कुठलंच अ‍ॅप सांगत नाही. मे महिन्यात ठाण्यात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, तारे कितीही असोत. आतल्या गार जागेतली मागून घ्या.