वारा सुटला असताना जिताडा कसा गरवावा

मुंबईत मार्च ते मे या महिन्यांत अकरा-बाराच्या सुमारास पश्चिमेकडून, बऱ्याचदा वायव्येकडून, खारा वारा सुरू होतो. तीन-चार वाजेपर्यंत तो चढतो आणि दिवस मावळल्यावर उतरतो. नोकरी सांभाळून गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, जाणाऱ्याला नेमकी हीच वेळ मिळते. वारा पडेल तेव्हाच जाऊ म्हणणाऱ्याची रॉड माळ्यावर धूळ खाते.

जिताड्याच्या बाबतीत तर मध्यम वारा फायद्याचाच. हा दबा धरून बसणारा मासा. खाडीच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला, जेट्टीच्या खांबांमागे तो थांबतो आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारी बोयटं (लहान मासे), कोलंबी गिळतो. पाणी आरशासारखं असलं की त्याला वरची हालचाल दिसते आणि तो बिचकतो. वाऱ्याने पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या, पाण्यात शिरणारा उजेड विस्कटला, तळाची माती थोडी उचलली गेली, की बोयटं गोंधळतात आणि जिताडा बिनधास्त होतो. खरी अडचण वाऱ्यात सैल पडणाऱ्या आपल्या दोरीची असते. बाकीची कसरत बहुतेक त्या दोरीसाठीच आहे.

आधी वारा किती आहे ते बघा

मोबाईलवर वाऱ्याचा वेग कुठे किलोमीटरमध्ये तर कुठे नॉटमध्ये दिसतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, त्यामुळे आकडा नॉटचा असेल तर ढोबळ मानाने दुप्पट धरा. ताशी १० किलोमीटरपर्यंतचा वारा विसरून जा, तो नसल्यासारखाच. १२ ते २५ हा सगळ्यात चांगला पट्टा. विशीच्या आसपास लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस फुटताना दिसतो, तोवर काठावरून गरवता येतं. तिशी ओलांडली की सामान आवरा. त्या वाऱ्यात दोरी हातात राहत नाही आणि खडकावर पायही राहत नाहीत.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. तेव्हाचा नैर्ऋत्येचा वारा दुपारपुरता नसतो, दिवस-रात्र चालू असतो आणि त्याच्यासोबत लांबून आलेल्या मोठ्या लाटा असतात. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दरवर्षी जाहीर करते. त्या दिवशी बँडस्टँडच्या किंवा वरळीच्या खडकांवर जायचं नाही, मग वारा कितीही असो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, हवामान खात्याचाही मच्छीमारांसाठी इशारा असतो. निघण्यापूर्वी दोन्ही वाचायला पाच मिनिटं लागतात.

तिथी आणि वारा एकत्र वाचा

बरेच हौशी लोक भरतीचं वेळापत्रक पाहतात, वाऱ्याचा अंदाज पाहतात, पण दोन्ही एकमेकांवर ठेवून बघत नाहीत. मुंबईत त्यातच खरी गंमत आहे.

कोकणातला जुना हिशेब अजूनही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरायला हरकत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून दुपारची आणि मध्यरात्रीची, सकाळची आणि संध्याकाळची अशी जोडी लक्षात ठेवायची.

आता यावर दुपारचा वारा ठेवा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराला भरते आणि त्यानंतर ओहोटी लागते. खाडीतलं पाणी पश्चिमेला समुद्राकडे धावतं आणि नेमका त्याच वेळी खारा वारा पश्चिमेकडून आत येतो. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. मनोरीच्या, वर्सोव्याच्या, वसईच्या खाडीच्या तोंडाशी अशा दुपारी आखूड, उभ्या, तुटक लाटा उठतात. लहान होडीसाठी ती जागा वाईट. पण काठावरून गरवणाऱ्यासाठी हीच वेळ सोन्याची, कारण ओहोटीबरोबर कांदळवनातल्या नाल्यांतून बोयटं आणि कोलंबी बाहेर पडतात आणि त्या खवळलेल्या पट्ट्याच्या कडेला जिताडा तोंड उघडून बसलेला असतो. तुमचं आमिष पट्ट्याच्या मध्यात नको. जिथे खळबळ संपून पाणी जरा संथ होतं, त्या रेषेवर पडू द्या.

अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, चित्र उलटं होतं. दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपते आणि संध्याकाळपर्यंत भरती चढत जाते. पाणी आणि वारा दोघेही आत, पूर्वेकडे चाललेले. लाटा कमी, पाणी दिसायला सोपं, ओढही बेताची. नवशिक्याने सुरुवात याच दिवसांत करावी, कारण उधाणाच्या ओढीत शिसं तळाला टिकवणंच जड जातं.

उभं कुठे राहायचं

वाऱ्याला पाठ देणारी जागा शोधणं ही पहिली ओढ असते. पूर्ण आडोसा मात्र नको. वारा वरचं पाणी ढकलत नेतो, त्याच्याबरोबर सूक्ष्म जीव, त्यामागे बोयटं. म्हणून वारा ज्या काठावर येऊन आदळतो त्या काठाच्या जवळ, पण थोडं तिरकं उभं राहा. वारा तोंडावर न येता खांद्यावर यावा. उजव्या हाताने फेकत असाल तर तो डाव्या खांद्यावर घ्या. उजवीकडून आला तर फेकताना गरी तुमच्याच कानाकडे येते.

मुंबईला दोन किनारे आहेत ही मोठी सोय. दुपारच्या पश्चिम वाऱ्यात वरळी-वांद्र्याची बाजू उघडी असते, तर शिवडी-माहूलची बाजू शहराच्या आडोशाला. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा पश्चिमेकडचं पाणी सपाट आणि पूर्वेकडचं हललेलं असतं. बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दी सोडाव्या लागतात, हे सांगायला नको. पाटीवर मनाई असेल तर वाद घालू नका. कांदळवनाच्या चिखलात एकट्याने उतरू नका. रायगडच्या बाजूला गेलात तर खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीजवळची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळची, जागा हेरून ठेवा. ओहोटीला उघाडीतून पाणी सुटतं तिथे वारा असो-नसो, जिताडा फिरकतोच.

सामान

फार लागत नाही. आठ-नऊ फुटी रॉड, मध्यम रीळ, २० ते ३० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. नायलॉनच्या तंगुसापेक्षा त्याच ताकदीची ब्रेड बरीच बारीक असते, म्हणून वारा तिला कमी धरतो. पुढे दीड-दोन हात ४० ते ५० पौंडांचा लीडर, म्हणजे गरीकडचा जाड दोरीचा तुकडा, हवाच. जिताड्याचा जबडा कानशीसारखा खरखरीत असतो, नुसती ब्रेड तो झिजवून तोडतो. वाऱ्याच्या दिवशी मोठी, हलकी, तरंगणारी ल्युअर (नकली आमिष) घरी ठेवा. लहान आकाराची पण २५-४० ग्रॅम वजनाची, बुडणारी ल्युअर वाऱ्यात सरळ जाते.

फेकताना

उंच फेकीत दोरीचं पोट आकाशात सुटतं आणि वारा त्याचं शीड करतो. त्यामुळे फेक ठेंगणी ठेवा. रॉड डोक्यावरून न नेता बाजूने, कमरेच्या उंचीवरून, झटका आखूड. गर्दीच्या जेट्टीवर हे करण्याआधी मागे आणि बाजूला बघा. मुंबईत पाठीमागे कोणीतरी वडापाव खात उभा असतोच.

ल्युअर पाण्याला टेकायच्या किंचित आधी रीळवरून सुटणारी दोरी बोटाने दाबा. दोरी ताणली जाते आणि ल्युअर सरळ पडते. मग रीळची दोरी अडवणारी तार हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही. रॉडचं टोक पाण्याजवळ आणा, दोरी एकदा हाताने ताणा, आणि मगच गुंडाळायला लागा. ब्रेडच्या ज्या गाठींना लोक कंटाळतात त्या बहुतेक इथेच जन्मतात: सैल वेढा रीळवर बसतो आणि पुढच्या फेकीला पाच वेढे सोबत घेऊन निघतो.

ओढताना आणि थांबताना

टोक खाली, पाण्यापासून वीतभर. जितकी दोरी हवेत, तितकं पोट मोठं आणि तितकी चावण्याची खबर उशिरा. आडव्या वाऱ्यात पोट पडणारच. ते कमी करायला फेक वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाका आणि ल्युअर वाहत खाली येऊ द्या. एरवीपेक्षा जरा जलद गुंडाळा, मध्ये दोन सेकंद थांबा. घाव बहुधा त्या थांबण्यातच येतो.

आमिषाने गरवणार असाल तर जिवंत कोलंबी किंवा बोटभर बोयट. तरंगणारा बोया वारा पळवून नेतो, तो नको. शिसं तळाला ठेवा, गोल गोळी घरंगळते म्हणून चपटं किंवा कोनाकार घ्या. गोलाकार वळलेली गरी, ४/० ते ६/०, वापरलीत तर झटका मारायचा नाही. मासा दोरी नेतो तेव्हा नुसतं गुंडाळत ताण वाढवा, गरी आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसते. वाऱ्यात सैल दोरीवर झटका मारून तसाही काही उपयोग होत नाही.

होडीतून

थोडक्यात सांगतो, कारण वाऱ्याच्या दिवशी होडी हा नवशिक्याचा विषय नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, टाका, मागच्या बाजूने कधीच नाही, लाट मागून आत येते. दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडा. उधाणाच्या ओहोटीला, दुपारच्या वाऱ्यात, खाडीच्या तोंडावर जाऊ नका. गावातले कोळी दादा नको म्हणाले तर तिथेच विषय संपवा.

मासा लागल्यावर

जिताडा पहिल्याच दमात उडी मारतो आणि डोकं झटकतो. तेव्हा रॉड खाली करा, दोरी ढिली न सोडता. मग तो खडकाकडे किंवा खांबाकडे वळतो, तिथे दया दाखवू नका. जवळ आला की कल्ल्याच्या कडेला हात लावू नका, ती धार बोट चिरते. जाळी नसेल तर खालच्या ओठाला पकड लावा आणि पोटाखाली हात द्या.

हा मासा आधी नर असतो आणि पुढे मादी होतो, म्हणजे खूप मोठे जिताडे बहुतेक माद्याच. त्यांची वीण पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडांशी होते. माझं मत विचाराल तर दोन-तीन किलोचा घरी न्यावा, त्याच्या कालवणाला तोड नाही, आणि दहा किलोचा फोटो काढून सोडावा. सोडताना डोकं प्रवाहाकडे करून धरा, शेपटी स्वतः हलवेपर्यंत.

घरी आल्यावर रीळ आणि रॉडच्या कड्या गोड्या पाण्याने धुवा. वाऱ्याच्या दिवशी खारे तुषार सगळीकडे बसतात, काठावर कोरड्या राहिलेल्या रीळवरसुद्धा. ब्रेडचा पुढचा दोन-तीन हात तुकडा बोटांतून सरकवून बघा, कुठे दशी लागली तर तिथून कापा आणि लीडर नव्याने बांधा.