रियुजेबल अंतराळयान डिझाइन करताय? मग या चुका टाळा

माणसं आणि सामान दोन्ही नेणारं, परत येणारं आणि पुन्हा उडणारं यान हा विषय इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास असतो, आणि बऱ्याच रिपोर्टमध्ये यान उतरलं की रिपोर्टही संपतो. खरं काम तर तिथून पुढचं आहे. उतरलेलं यान पुन्हा उडवायला किती दिवस, किती माणसं आणि किती नवे पार्ट लागणार हे आधी मांडलं नसेल तर त्याला रियुजेबल म्हणण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलने १९८१ ते २०११ मध्ये १३५ उड्डाणं केली, त्यातून शिकण्यासारखं प्रचंड आहे, म्हणून जास्त उदाहरणं तिथलीच घेतोय.

"मेंटेनन्सचं नंतर बघू"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शटलचा मूळ प्लॅन होता की उतरल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पुन्हा उडायचं. प्रत्यक्षात सगळ्यात फास्ट रेकॉर्ड अटलांटिस या शटलचं, ३ ऑक्टोबर १९८५ ला उडालं आणि २६ नोव्हेंबरला पुन्हा उडालं, म्हणजे ५४ दिवस, आणि तेही १९८६ च्या चॅलेंजर शटलच्या अपघाताआधी. पूर्ण ताफ्याचं सगळ्यात बिझी वर्षसुद्धा १९८५च, उड्डाणं फक्त ९.

वेळ कुठे जायचा ते एका टाइलवरून कळतं. शटलच्या पोटाखाली सिलिकाच्या काळ्या टाइल होत्या, हातात घेतली तर थर्माकोलसारखी हलकी, कारण आत बहुतेक हवाच. पण प्रत्येकीचा आकार थोडा वेगळा, प्रत्येकीला स्वतःचा नंबर, आणि अशा हजारो. ॲल्युमिनियमच्या बॉडीला टाइल डायरेक्ट चिकटवता येत नाही, कारण बॉडी तापून प्रसरण पावते आणि टाइल तडकते, म्हणून मध्ये फेल्टचा पॅड, वर-खाली सिलिकॉनचा गोंद. शिवाय टाइल पाणी शोषते, वॉटरप्रूफिंग करणारं केमिकल परत येतानाच्या उष्णतेत जळून जातं, त्यामुळे प्रत्येक उड्डाणानंतर एकेका टाइलमध्ये सुईने ते केमिकल पुन्हा सोडायचं. हजारो टाइल, हाताने, दर वेळी!

दोन टाइलमधल्या फटीत गॅप फिलर नावाच्या पातळ पट्ट्या असायच्या. २००५ मध्ये डिस्कव्हरी शटलच्या पोटाखाली अशा दोन पट्ट्या बाहेर डोकावताना दिसल्या. उतरताना तिथे हवेचा प्रवाह बिघडून जास्त उष्णता होण्याची भीती होती, म्हणून अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन स्पेसवॉक करून रोबोटिक आर्मच्या टोकावर खाली गेले आणि त्यांनी त्या चक्क हाताने ओढून काढल्या. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण यानाच्या त्या भागापर्यंत अंतराळात माणसाचा हात पोचेल का हा प्रश्न डिझाइन करताना कुणी फारसा विचारत नाही.

मग करायचं काय? टाइलचे आकार जितके कमी प्रकारचे तितकं बरं. प्रत्येक पार्टसमोर तीन रकाने करा: किती उड्डाणं टिकेल, तपासायला किती वेळ, काढायला आधी दुसरं काय काढावं लागतं. तिसरा रकाना लोक विसरतात आणि वेळ तिथेच जातो.

प्रत्येकाची मागणी मान्य करणं

शटलला पैसे आणि राजकीय पाठिंबा हवा होता म्हणून नासाला अमेरिकन एअर फोर्स सोबत लागली, आणि त्यांना हवं होतं की ध्रुवीय कक्षेत एकच फेरी मारून यान निघालं तिथेच उतरावं. तेवढ्या वेळात पृथ्वी खाली फिरून पुढे गेलेली असते, म्हणजे उतरताना बाजूला सुमारे दोन हजार किलोमीटर सरकता आलं पाहिजे. त्यासाठी मोठे डेल्टा (त्रिकोणी) पंख आले, पंखांसोबत वजन आलं, त्यांना झाकायला आणखी हीट शिल्ड (उष्णतेपासून वाचवणारं आवरण) आलं. आणि ते मिशन एकदाही उडलं नाही. तीस वर्षं प्रत्येक उड्डाणात तो बोजा मात्र वर नेला आणि खाली आणला.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये वजन वाढतच चाललं असेल तर स्ट्रक्चर पातळ करण्याआधी मागण्यांची यादी काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा की हिच्यामुळे किती किलो वाढले. एखादी मागणी लगेच गळून पडेल, खात्रीने सांगतो.

सामानासाठी माणसांचा जीव धोक्यात घालणं

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तुटलं, सातही जण गेले. गारठ्यात बूस्टरच्या जोडाचं रबरी सील, ओ-रिंग, नीट बसलं नाही हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या उड्डाणाचं मुख्य सामान एक कम्युनिकेशन सॅटेलाइट होता हेही लक्षात ठेवा, जो माणसांशिवाय रॉकेटने पाठवता येतो. आणि त्या सात जणांना वर चढताना सुटकेची कुठलीही सोय नव्हती, पहिल्या चार उड्डाणांत दोन जणांसाठी इजेक्शन सीट होत्या, नंतर त्या बंद केल्या.

क्रू आणि कार्गो एकाच डिझाइनमधून करायला हरकत नाही, पण एकाच उड्डाणात कोंबायची सक्ती नको. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाने हे छान सोडवलंय, बॉडी एकाच घराण्यातली, पण कार्गो ड्रॅगनमध्ये सीट नाहीत, संकटात रॉकेटपासून पळून जायची मोठी इंजिनंही नाहीत.

आणखी एक, कॅप्सूलचा (ड्रॅगनसारख्या बिनपंखी यानाचा) गुरुत्वमध्य मुद्दाम थोडा बाजूला ठेवतात म्हणजे ती तिरकी राहते, थोडी लिफ्ट मिळते आणि रोल करून दिशा सांभाळता येते. परतीचं सामान कसंही भरलं तर हे गणित हुकतं. रिकामी, अर्धी, पूर्ण भरलेली, तिन्ही केस काढाच.

"इतके वेळा झालं, काही बिघडलं नाही"

कोलंबिया शटलच्या बाबतीत हे वाचताना अजूनही त्रास होतो. बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोम आधीच्या उड्डाणांतही पडत होता, डिझाइनप्रमाणे पडायलाच नको होता, पण यान सुखरूप परत येत राहिलं म्हणून ती मेंटेनन्सची किरकोळ बाब मानली गेली. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आसपास पाऊण किलोचा एक तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, कल्पना चावलांसह सात जण गेले. नंतर त्याच प्रकारच्या पॅनेलवर फोमचा तुकडा झाडून टेस्ट केली तेव्हा सुमारे ४० सेंटीमीटरचं भोक पडलं.

रियुजेबल यानाचा खरा फायदा हा की पुरावा घरी परत येतो. तो बघा आणि मान्य करा. २०२० च्या डेमो-२ या माणसं नेणाऱ्या पहिल्या उड्डाणानंतर ड्रॅगनच्या हीट शिल्डवर, ट्रंकला (मागच्या, परत न येणाऱ्या भागाला) जोडणाऱ्या बोल्टांजवळ, अपेक्षेपेक्षा जास्त झीज दिसली. कॅप्सूल सुखरूप उतरली होती, तरी पुढच्या उड्डाणाआधी ती जागा मजबूत केली. असंच हवं.

वाचवणारी सिस्टिम स्वतःच धोका होणं

२० एप्रिल २०१९, साधारण दीड महिना आधीच स्पेस स्टेशनहून परत आलेली क्रू ड्रॅगन जमिनीवरच्या टेस्टमध्ये फुटली. आत कुणी नव्हतं. पळून जायच्या इंजिनांसाठीचं ऑक्सिडायझर (इंधन जळायला लागणारं रसायन) एका व्हॉल्व्हमधून गळून हीलियमच्या पाइपमध्ये साचलं होतं, प्रेशर सोडल्यावर ते जोरात टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर आदळलं आणि टायटॅनियमच पेटलं. उपाय साधा होता, व्हॉल्व्हऐवजी बर्स्ट डिस्क, जी प्रेशरने फुटेपर्यंत पूर्ण बंद असते. प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा तरी गळेल असं धरूनच पाइपिंग काढा.

बिघडणारा भाग फेकून देणं

जून २०२४ मध्ये बोइंगचं स्टारलायनर यान स्पेस स्टेशनजवळ जाताना २८ पैकी ५ थ्रस्टर (दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) बंद पडले, हीलियमची गळतीही होती. हे सगळं सर्व्हिस मॉड्यूलमध्ये (कॅप्सूलमागच्या भागात), आणि ते मॉड्यूल परत येतच नाही, वातावरणात जळतं. म्हणून इंजिनिअरांना जमिनीवर तसाच दुसरा थ्रस्टर चालवून बघावा लागला, त्यात टेफ्लॉनचं सील फुगलेलं सापडलं. शेवटी कॅप्सूल सप्टेंबरमध्ये क्रूशिवाय उतरवली. ड्रॅगनचे थ्रस्टर कॅप्सूलवरच असल्याने परत येतात. तुमच्या डिझाइनमध्ये वजनामुळे काही फेकावंच लागत असेल तर चालेल, पण थ्रस्टर आणि व्हॉल्व्ह शक्यतो परत येणाऱ्या बाजूला घ्या, आणि जे तिकडे राहणारच आहे तिथे टेंपरेचर आणि प्रेशरचे सेन्सर भरपूर लावा, त्यासाठी चार किलो जास्त गेले तरी जाऊ देत.