सेंद्रिय मालाच्या स्टॉलवर बसणाऱ्या बायांसाठी

बचत गटाचा सेंद्रिय मालाचा स्टॉल मी सांभाळते. नव्याने विकायला बसणाऱ्या बाया विचारतात, "ताई, पाकिटावर सेंद्रियचा हिरवा शिक्का असला की गिऱ्हाईक घेतंच ना?" नाही घेत. शिक्का बघून ते थांबतं. विकत घेतं ते आपल्या उत्तरावर.

लेकुरवाळी बाई आधी विचारते, "फवारणी केलीय का?" तेवढ्याचंच खरं उत्तर द्या. माती, विहिरीचं पाणी, गांडुळं हे विषय ती पुन्हा आली की काढा, तेव्हा ती मनापासून ऐकते. 'जास्त पौष्टिक' असं मात्र सांगू नका. माल कसा पिकवला, एवढ्याचीच हमी शिक्का देतो.

शिक्क्यावरचं 'जैविक भारत' हे एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं चिन्ह. त्यामागे एनपीओपीची, म्हणजे त्रयस्थ संस्थेची तपासणी असते, नाहीतर पीजीएसची, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेतांची केलेली. पाकिटावर 'पीजीएस-ग्रीन' असेल तर जमीन अजून सेंद्रियकडे वळतेय. तसं स्पष्ट सांगा. खरं सांगितलं म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही.

माझा सगळ्यात जास्त भरवसा गुळावर. सेंद्रिय गूळ काळपट दिसतो, म्हणून लोक नाक मुरडतात. तेव्हा सांगायचं की बाजारातला पिवळाधमक रंग बऱ्याचदा हायड्रॉस नावाच्या रसायनाच्या पावडरीने आणलेला असतो. आपल्या गुऱ्हाळात रसाची मळी जंगली भेंडीच्या चिकाने काढतात. मग खडा हातावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. चव घेतल्यावर भावाची घासाघीस निम्म्याने कमी होते. तांदळाचंही तसंच: सकाळी इंद्रायणीचा भात शिजवून न्या, वास काम करतो.

भाव जास्त आहे हे लपवू नका. पाव किलोची पाकिटं ठेवा, कारण पहिल्यांदा घेणारी बाई पाच किलोचं धाडस करत नाही. सगळा किराणा बदला असाही आग्रह धरू नका. एक जिन्नस नेऊ द्या.

पाकिटावर गावाचं नाव ठळक छापा. 'नैसर्गिक', 'शुद्ध' असे शब्द कुणीही छापतं, गाव कुणी छापत नाही. प्रमाणपत्राची प्रत पिशवीत न ठेवता समोर टेबलावर लावा, आणि तिची मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करा. चोखंदळ गिऱ्हाईक आधी तारीखच वाचतं.