पडद्यावरचा प्रलय तपासून कसा पाहावा

हवामानाच्या आपत्तीवरचा चित्रपट पाहून झाला की ‘असे खरेच होऊ शकते का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर दिले की चर्चा तिथेच संपते. बहुतेक वेळा त्या चित्रपटात एखाद्या खऱ्या कारणाला अशक्य वेग जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही उत्तरे अर्धवट ठरतात. म्हणून संकटाचे कारण, त्याचा वेग, त्याचा आकार आणि शेवटी दाखवलेला उपाय या गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. आकारातली अतिशयोक्ती माफ करावी, वेगातली नोंदवून ठेवावी, पण कारण किंवा उपाय खोटा असेल तर ते मात्र सोडू नये, असे माझे मत आहे. शिक्षकांना, फिल्म सोसायटीच्या कार्यकर्त्यांना आणि घरी मुलांसोबत असे चित्रपट पाहणाऱ्या पालकांना ही पद्धत वापरता येईल. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवलेल्या कोल्हापूरकरांकडे त्यासाठी लागणारे मोजमाप आधीपासूनच आहे.

पहिल्यांदा चित्रपट वही-पेन न घेता, मजेने पाहावा. देखावा हा काही गुन्हा नव्हे, आणि हे कोल्हापूरला वेगळे सांगण्याची गरज नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’सारखा पौराणिक भव्यतेचा मूकपट दिला आणि त्याच कंपनीतून १९२५ मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा ‘सावकारी पाश’ आला. भव्यता आणि वास्तव या दोन्हींची सवय असलेल्या प्रेक्षकाने एकाच्या नावाने दुसऱ्याला झोडपू नये. तपासणी दुसऱ्यांदा पाहताना करावी.

दुसऱ्यांदा पाहताना आधी संकटाचे कारण एका वाक्यात लिहून काढावे. अशा चित्रपटात पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी शास्त्रज्ञ नकाशापुढे उभा राहून ते सांगतोच; तिथे चित्रपट थांबवावा. ‘द डे आफ्टर टुमारो’ (२००४) घेतला तर वाक्य साधारण असे होईल: ध्रुवीय बर्फ वितळून गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये मिसळते आणि उष्णता उत्तरेकडे वाहून नेणारा सागरी प्रवाह बंद पडतो. हे वाक्य शास्त्राला सोडून नाही. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पृष्ठभागावर साचले की पाणी खाली बुडण्याची क्रिया मंदावते, आणि हा प्रवाह त्या बुडण्यावरच चालतो. चित्रपटाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकातील लार्सन बी हिमफलक (समुद्रावर तरंगणारा बर्फाचा प्रचंड थर) दुभंगताना दिसतो. हा हिमफलक २००२ मध्ये खरोखरच काही आठवड्यांत कोसळला होता. म्हणजे कारणाच्या रकान्यात या चित्रपटाला बऱ्यापैकी गुण द्यावे लागतात, आणि ‘सगळे हॉलिवूडचे थोतांड’ म्हणणाऱ्याला इथेच अडवावे लागते.

गडबड आहे ती घड्याळात. कागदावर दोन रकाने पाडावेत. एकात कथेतला काळ लिहावा आणि दुसऱ्यात निसर्गाला त्याच गोष्टीसाठी लागणारा काळ. या चित्रपटाचा नायक सुरुवातीला शंभर वा हजार वर्षांची भाषा करतो आणि पाहता पाहता ती मुदत काही दिवसांवर येते. भूतकाळात सागरी प्रवाह कोलमडल्यावर उत्तर गोलार्धात जो शीतकाळ आला असे मानले जाते, तो सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी सुरू होऊन सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपला, आणि त्याच्या सुरुवातीचे बदल दशकांच्या हिशेबात झाले. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हा वेग भयंकरच आहे. फक्त तो एका आठवड्यात आणि दोन तासांच्या चित्रपटात मावत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरील समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार हा प्रवाह या शतकात कमजोर होण्याची दाट शक्यता आहे, परंतु २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही असे मध्यम खात्रीने म्हणता येते. ‘मध्यम खात्री’ हे शब्दही वहीत उतरवून घ्यावेत, कारण पडद्यावरचा शास्त्रज्ञ असे कधीच बोलत नाही आणि खरा शास्त्रज्ञ बहुतेक वेळा असेच बोलतो.

घड्याळाचा मुद्दा मुलांना समजावायचा असेल तर कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी घ्यावी. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ आहेत, आणि पावसाळ्यात ‘३९ फूट ४ इंच, इतके बंधारे पाण्याखाली’ असे संदेश मोबाइलवर दिवसभर फिरत असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, पण यातले काहीही एका लाटेत घडले नव्हते. पाणी इंचाइंचाने चढले, पात्राबाहेर पडले, उसात शिरले, मग गल्लीत आले. चित्रपटात पूर म्हणजे धावत येणारी पाण्याची भिंत असते, आणि धरण फुटले किंवा डोंगराळ भागात ढगफुटी झाली तर तसे होऊही शकते. परंतु सपाट खोऱ्यातल्या नदीचा पूर प्रेक्षकाला कंटाळा येईल इतक्या सावकाश चढतो. गाडी काढावी का, जनावरे कुठे न्यावीत, आजीला आत्ताच हलवावे की सकाळी, या सगळ्या निर्णयांना त्या सावकाशपणातच वेळ मिळतो. तो वेळ कापून टाकणारा चित्रपट प्रेक्षकाला निर्णयच उरला नाही असे शिकवतो, आणि माझ्या मते वेगातल्या अतिशयोक्तीचे खरे नुकसान हेच आहे.

यानंतर एखादा प्रसंग निवडून त्याचे साधे गणित करून पाहावे. ‘द डे आफ्टर टुमारो’मध्येच वातावरणाच्या वरच्या थरातली अतिथंड हवा वेगाने खाली येते आणि हेलिकॉप्टरमधले इंधन क्षणात गोठते. दहा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हे खरे. पण खाली येणारी कोरडी हवा वाढत्या दाबामुळे दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते, त्यामुळे ती जमिनीवर पोचेपर्यंत गोठवणारी राहत नाही, उलट उकाडा आणेल. आठवीच्या विद्यार्थ्यालाही फळ्यावर करता येईल असे हे गणित आहे, आणि एवढ्या एका उदाहरणावर वर्गाचा तास सहज रंगतो.

आकाराचा हिशेब त्याहून सोपा असल्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नये. ‘वॉटरवर्ल्ड’ (१९९५) मध्ये ध्रुवीय बर्फ वितळून जवळपास सगळी जमीन बुडालेली आहे. पृथ्वीवरचे सगळे बर्फ वितळले तरी समुद्राची पातळी साधारण ६५ ते ७० मीटरने वाढेल, आणि त्याला शतकानुशतके लागतील. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्याचे मात्र काही खरे नाही, आणि त्यांच्यासाठी ७० मीटर लांब राहिले, एक मीटरही पुरेसा आहे.

उपायाला गुण देताना हात आखडता घ्यावा. ‘जिओस्टॉर्म’ (२०१७) मध्ये उपग्रहांचे जाळे हवामान आवरते, त्यात घातपात होतो आणि यंत्रणा पुन्हा सुरू झाली की संकट टळते. प्रत्यक्षात तापमान वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा वातावरणात शतके टिकतो. तिथे बटण दाबून सुटका नाही आणि पकडून देण्यासारखा एकच खलनायकही नाही. याउलट ‘स्नोपिअर्सर’ (२०१३) मध्ये तापमान कमी करण्यासाठी आकाशात सोडलेला पदार्थ साऱ्या जगाला गोठवतो. हे प्रमाण हास्यास्पद असले तरी कल्पनेला आधार आहे. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीतून उडालेल्या गंधकाच्या कणांमुळे पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने खाली आले होते. उपायच अंगाशी येऊ शकतो, ही शंका रास्त आहे. म्हणून दुसरा चित्रपट अधिक अतिशयोक्त असूनही मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

एक रकाना ‘पडद्यावर कोण दिसलेच नाही’ यासाठी ठेवावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक विसर्ग सुरू होतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडायचे आणि त्याच्या फुगवट्याचा (मागे साचून चढणाऱ्या पाण्याचा) परिणाम किती, यावर दोन राज्यांत दर पावसाळ्यात वाद होतो. पूररेषेच्या आतली बांधकामे कोणी होऊ दिली, हा प्रश्न तर पाणी ओसरले की विरून जातो. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे अतिवृष्टी वाढते हे शास्त्र पक्के आहे. पण पावसाचा पूर होताना मध्ये माणसांचे निर्णय असतात. ज्या चित्रपटात धरण, अधिकारी, नकाशा आणि उशिरा आलेली सूचना यांपैकी काहीच नाही, त्यात आपत्ती दैवी ठरते आणि सगळेच सुटतात. या बाबतीत आपल्याकडचे चित्रपट हॉलिवूडपेक्षा जवळचे वाटतात. केरळच्या २०१८ च्या पुरावरील मल्याळम ‘२०१८’ (२०२३) मध्ये होड्या घेऊन आलेले मच्छीमार दिसतात, आणि तो भाग बनावट नाही.

शेवटची दहा मिनिटे वेगळी पाहावीत. पाणी ओसरताच संगीत चढते आणि नावे सुरू होतात. कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडी गावांच्या बाजूला पूर ओसरल्यावर जे सुरू होते ते कुठल्याच चित्रपटात पुरेसे येत नाही: गाळ बसून कुजलेल्या उसाचा वास, भिंतीवरची मातकट रेघ, फुगून न लागणारी दारे, उन्हात पसरलेली शाळेची दप्तरे आणि पंचनाम्याची वाट. चित्रपट कुठे संपवला यावरून दिग्दर्शकाला आपत्तीत रस होता की तिच्या दृश्यात, हे बऱ्यापैकी कळते.

चर्चा घ्यायची असेल तर संपूर्ण चित्रपटाऐवजी कारणाचा, वेगाचा आणि शेवटाचा असे तीन तुकडे दाखवून प्रत्येकानंतर थांबावे, आणि गुण देताना शास्त्राचे व करमणुकीचे गुण एकत्र मिळवू नयेत. वर्गात पूर पाहिलेली मुले असतील तर बुडण्याची दृश्ये न सांगता दाखवू नयेत. आधी विचारावे, आणि एखाद्याला बाहेर बसायचे असेल तर बसू द्यावे. तारीख जानेवारी-फेब्रुवारीतली धरावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सभागृह घेतले तर निम्मे लोक पडद्याकडे कमी आणि राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याकडे जास्त पाहत राहतील.