रविवारी चारच्या प्रयोगाला जाताना

मुंबईत रविवारी दुपारी चारच्या नाटकाला जायचे असेल, तर तिकीट काढण्याच्याही आधी त्या दिवशी रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहावे. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड असा ब्लॉक असला म्हणजे जलद गाड्या धीम्या मार्गावर येतात, आणि ठाण्याहून पाऊण तासात दादर गाठू असा हिशेब मांडलेले कुटुंब पहिला प्रवेश संपत आला असताना अंधारात ‘जरा पाय घ्या हं’ असे म्हणत आपल्या खुर्च्या चाचपू लागते. शिवाजी मंदिर नाट्यगृहासाठी दादरला पश्चिमेकडे उतरावे, मात्र बाजारातून जाताना भाजीकडे पाहू नये. मेथीच्या दोन जुड्या मांडीवर घेऊन नायिकेच्या दुःखात सामील होता येत नाही. यशवंत नाट्यमंदिर माटुंग्याला आहे एवढ्या माहितीवर मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरणाऱ्यांची विनाकारण पायपीट होते. त्यासाठी पश्चिम रेल्वेचे माटुंगा रोड हे स्थानक जवळचे.

जागा निवडताना पहिल्या रांगेचा मोह टाळावा, कारण तेथून नटाचा अभिनय कमी आणि विगची कड जास्त दिसते. पाचव्या रांगेपासून पुढच्या तीन-चार रांगा उत्तम. त्यातही कडेची खुर्ची मिळाली तर तिचे महत्त्व मध्यंतरात कळेल.

तिसरी घंटा झाली की नाटक सुरू होते, हा नियम पडद्यामागच्यांना ठाऊक असतो. पडद्यापुढच्यांना ती घंटा म्हणजे बाहेरचा चहा संपवण्याची सूचना वाटते. घोषणेत मोबाईल बंद करण्याची विनंती होते, तेव्हा तो खरोखरच बंद करावा, नुसता मुका करू नये. माझ्या मुक्या केलेल्या फोनने एका मरणप्रसंगी साडेपाचचा गजर वाजवून रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दिली होती. रंगमंचावरच्या मृतानेही मान किंचित वळवली, असे आमच्या घरात आजही सांगितले जाते.

प्रमुख नट प्रथम प्रवेश करतो तेव्हा टाळी द्यावी. तो तिच्यासाठी क्षणभर थांबतो, आणि न मिळाल्यास ते थांबणे उघडे पडते. मात्र दुय्यम भूमिकेतली बाई दिसताच शेजारणीच्या कानात ‘अगं, ही ती मालिकेतली सासू’ असे सांगू नये. शेजारीण ‘कुठली?’ असे विचारते, मग वाहिनी, वेळ आणि त्या सासूने सुनेचे केलेले हाल असे सारे सांगावे लागते, आणि तोपर्यंत रंगमंचावर घर विकले गेलेले असते. ओळख पटली तरी ती मध्यंतरापर्यंत मनात ठेवावी.

मध्यंतर हा प्रेक्षकाच्या कसोटीचा भाग आहे. तेवढ्या वेळात बटाटेवडा, चहा आणि स्वच्छतागृह ही तिन्ही कामे एकट्याने उरकणे अशक्य असल्यामुळे कामाची वाटणी आधीच ठरवावी. कडेच्या खुर्चीवर घरातल्या सर्वांत चपळ माणसाला बसवावे आणि अंक संपत आल्याची चाहूल लागताच, म्हणजे संगीत वाढून सर्व पात्रे एकाच दिशेला पाहू लागली की, त्याने उठण्याच्या तयारीत राहावे. प्रत्यक्ष उठणे मात्र पडदा पडल्यावरच. यूपीआयच्या भरवशावर न राहता सुटे पैसे मुठीत धरावेत, कारण रांगेत आपल्या मागे असलेले सज्जन गृहस्थ वड्याच्या बाबतीत सज्जन राहत नाहीत. बायकांनी आधी स्वच्छतागृहाची रांग धरावी. ती वड्याच्या रांगेपेक्षा नेहमीच लांब असते, आणि याचा विचार नाट्यगृह बांधणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. वडा बाहेरच खावा. तो रुमालात गुंडाळून आत आणणाऱ्याला वाटते की कोणाला कळत नाही, पण लसणीच्या चटणीला अंधार लपवू शकत नाही.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी पायाने चपला शोधण्याची घाई करू नये. एसीत गार पडलेले पाय बहुधा शेजाऱ्याच्याच चपलेत शिरतात आणि नाटकाचा शेवट दोन कुटुंबांच्या हातून निसटतो.

प्रयोगानंतर आत जाऊन कलाकारांना भेटण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, ती अवश्य पाळावी. नाटक आवडले असल्यास कोणता प्रसंग आवडला ते नेमके सांगावे. नसल्यास ‘नेपथ्य छान होते’ एवढे पुरते, आणि अनुभवी नटाला त्यातून सर्व समजते. ‘मालिकेत तुम्ही जाड दिसता’ हे कौतुक म्हणूनही बोलू नये. फोटो एकच काढावा, कारण त्याच मंडळींना रात्रीच्या साडेआठच्या प्रयोगासाठी ठाण्याला पोहोचायचे असते आणि मेगाब्लॉकने उशिरा धावणाऱ्या गाड्या संध्याकाळीही रुळावर आलेल्या नसतात.